कर देश ठरवतो, शिवार नाही

2001 मध्ये स्कोडानं छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला ऑक्टाव्हिया गाडीची जुळणी सुरू केली. युरोपातली कंपनी मराठवाड्यात का आली, असं विचारलं की चहाच्या टपरीवर आजही उत्तर मिळतं, "सरकारनं टॅक्स माफ केला असंल." पण त्या वर्षी आपल्याकडं कंपनी कराचा मूळ दरच 35 टक्के होता. खरं कारण दुसऱ्याच करात होतं. परदेशातून आणलेल्या तयार गाडीवर आयातशुल्क जबर होतं, म्हणून सुटे भाग आणून इथं जोडणं परवडत होतं.

म्हणजे नफ्यावरचा कर महत्त्वाचा नाही का? आहे. द मोई आणि एडरवीन या डच अर्थतज्ज्ञांनी 2003 मध्ये असे 25 अभ्यास एकत्र तपासले. कराचा दर एका टक्क्यानं, म्हणजे 30 वरून 29 वर, उतरला तर परकीय गुंतवणूक साधारण 3.3 टक्क्यांनी वाढते, असा मध्यम अंदाज निघाला. मात्र कंपनी छापील दरावर थांबत नाही. यंत्रांचा घसारा (झिजेपोटी मिळणारी वजावट), मागचा तोटा, सवलती वजा जाता हातात किती उरतं, ते ती बघते. शिवाय अशा आकड्यांत कागदी गुंतवणूकही मिसळलेली असते. भारतात येणारा बराच पैसा वर्षानुवर्षं मॉरिशस आणि सिंगापूरमार्गे आला, तो त्या देशांशी असलेल्या, कर वाचवणाऱ्या करारांमुळे. त्या पैशातून दरवेळी नवा कारखाना उभा राहतोच असं नाही.

कारखान्याची गोष्ट वेगळी. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रानं नव्या उत्पादक कंपन्यांसाठी 15 टक्के दर आणला. अधिभार-उपकर धरून 17.16. व्हिएतनाम आणि थायलंडचा दर 20 आहे. 100 कोटींच्या नफ्यावर जवळपास तीन कोटींचा फरक, त्यामुळं भारत कंपन्यांच्या यादीत वर सरकला. पण पुढं? हा कर केंद्राचा. चाकणला जेवढा, तेवढाच बिडकीनला आणि तेवढाच हिंगोलीला. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त, तरी उद्योग शेंद्रा-वाळूजभोवतीच दाटतात.

मला यातलं सगळ्यात मोलाचं उत्तर वाळूजमध्ये दिसतं. बजाजचा कारखाना तिथं 1985 मध्ये आला आणि त्याच्या मागं सुटे भाग करणारी छोटी वर्कशॉपं उभी राहिली. अचूक मापाचा भाग वेळेवर देणारे हात असे तयार झाले. नव्या कंपनीला हे आयतं मिळतं. त्यात जायकवाडीचं पाणी आणि आता समृद्धी महामार्ग. कितीही कर माफ केला तरी या गोष्टी वर्षभरात उभ्या राहत नाहीत, आणि हिंगोली-परभणीची अडचण नेमकी तीच आहे.

कर कमी करत जाण्यालाही आता मर्यादा आली आहे. 2021 मध्ये 130 हून अधिक देशांनी मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान 15 टक्के कराचं तत्त्व मान्य केलं. एखाद्या देशानं त्याहून कमी कर घेतला, तर उरलेला कर कंपनीच्या मायदेशाला वसूल करता येतो. मग आपण सोडलेला पैसा दुसऱ्याच तिजोरीत जायचा.

नव्या कारखान्यांसाठीची 15 टक्क्यांची सवलत मार्च 2024 अखेर उत्पादन सुरू करणाऱ्यांपुरतीच होती. टोयोटा किर्लोस्करनं छत्रपती संभाजीनगरच्या सुमारे 20,000 कोटींच्या प्रकल्पासाठी राज्याशी करार केला, तो त्यानंतर, जुलै 2024 मध्ये.