औद्योगिक अलार्म यंत्रणा

कारखान्यातील तापमान, दाब, पातळी किंवा प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की ऑपरेटरला सावध करणारी व्यवस्था. कोकण किनाऱ्यावर थळचा खत कारखाना, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल, जयगडचे औष्णिक वीज केंद्र, रोहा, महाड व लोटे परशुरामचे मोठे रासायनिक कारखाने, अशा ठिकाणी कंट्रोल रूमचे काम तिच्याच भरवशावर चालते.

टाकीवर किंवा पाइपवर बसवलेले मोजणीचे उपकरण, म्हणजे ट्रान्समीटर, आपले मोजमाप 4 ते 20 मिलिअँपिअर विद्युतप्रवाहाच्या रूपात डीसीएस किंवा पीएलसी या नियंत्रण करणाऱ्या संगणकांकडे पाठवतो. 4 म्हणजे सर्वांत कमी मोजमाप. विद्युतप्रवाह 4 च्या बराच खाली गेला, तर टाकी रिकामी नसून वायर तुटली आहे, हे ओळखता येते. ‘हाय’, म्हणजे पहिली वरची मर्यादा ओलांडल्याच्या अलार्मला माणसाने हालचाल करायची. त्याहून वरच्या ‘हाय-हाय’ला बहुधा इंटरलॉक, म्हणजे आपोआप चालणारी सुरक्षा व्यवस्था, स्वतःच पंप बंद करतो. ‘अ‍ॅक्नॉलेज’ केले, म्हणजे अलार्म पाहिल्याची खूण केली, की हूटर (भोंगा) थांबतो, लुकलुकणारी ओळ स्थिर होते, पण मोजमाप मर्यादेत परतेपर्यंत पडद्यावरून हलत नाही. शिफ्ट बदलताना अशा ओळी पुढच्या माणसाला सांगाव्याच लागतात. नाहीतर जुन्याच आहेत म्हणून त्या सोडून दिल्या जातात.

खरी कटकट मर्यादेच्या अगदी काठावर असते. 80 टक्क्यांवर अलार्म लावलेल्या टाकीत ढवळणी चालू असली, की पातळी 79.8 आणि 80.2 यांच्यामध्ये हिंदकळते आणि हूटर ऑपरेटरला बसू देत नाही. म्हणून अलार्म 80 ला येतो, पण 78 पर्यंत उतरल्याशिवाय जात नाही, असे ठरवतात. हा डेडबँड.

कोकणात त्यात पावसाळ्याची भर. खाऱ्या, दमट हवेने जंक्शन बॉक्समधील टर्मिनलांवर गंज चढतो, केबल आत शिरते तिथल्या सैल तोटीतून, म्हणजे केबल ग्लँडमधून, पाणी शिरते आणि प्लँट सुरळीत असतानाही अलार्म येतात. घर शाकारावे तसे ग्लँड घट्ट करण्याचे, सील बदलण्याचे काम मे महिन्यातच उरकलेले बरे.

10 मिनिटांत 10 हून अधिक अलार्म आले, तर त्याला अलार्मांचा पूर म्हणतात. वेल्समधील मिलफोर्ड हेवन येथे 24 जुलै 1994 रोजी विजांच्या वादळाने रिफायनरीची घडी विस्कटली. स्फोटाआधीच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ऑटोमेशनच्या आयएसए 18.2 (2009) या मानकाने पुढे अट घातली : ज्यावर ऑपरेटरने वेळेत काही करायचे आहे, तोच अलार्म. बाकीची माहिती नोंदवहीत जावी. बिघडलेल्या ट्रान्समीटरचा अलार्म काही काळ बाजूला ठेवता येतो. मुदत संपली की तो आपोआप परत येतो.