भातखंडे की पलुसकर? स्वरलिपीचं पान आधी ओळखा

सांगली-मिरजेत गाणं किंवा पेटी शिकायला लागलं की हातात क्लासची वही एक असते आणि घरच्या कपाटातलं जुनं पुस्तक दुसरं. दोन्हीत सा रे ग म देवनागरीतच, खुणाही ओळखीच्याच: टिंब, रेघ, शून्य, फुली. घोळ होतो तो यामुळेच, कारण स्वरलिपीच्या, म्हणजे गाणं खुणांनी लिहिण्याच्या, भातखंडे आणि पलुसकर अशा दोन पद्धती आहेत; खुणा सारख्या असल्या तरी अर्थ वेगळे आहेत.

आडवी रेघ आधी बघा. भातखंडे पद्धतीत स्वराखाली रेघ म्हणजे तो स्वर कोमल, म्हणजे थोडा उतरलेला. पलुसकर पद्धतीत तीच रेघ म्हणजे एक मात्रा, म्हणजे तालातला एक ठोका; कोमल दाखवायला तिथे स्वराचा पाय मोडतात. आता पलुसकर पद्धतीत लिहिलेली भूप रागाची साधी सरगम घ्या. प्रत्येक स्वर एका मात्रेचा, म्हणून सा, रे, ग, प, ध सगळ्यांखाली रेघ. ती भातखंडे समजून वाजवलीत तर रे, ग, ध कोमल होतील आणि पेटीतून भूपाऐवजी चक्क भूपाल तोडी या दुसऱ्याच रागाचे स्वर निघतील! सा आणि प कधीच कोमल होत नाहीत. त्यामुळे त्यांच्याखाली रेघ दिसली की पान पलुसकर पद्धतीचं. नवशिक्यासाठी याहून खात्रीची खूण मला तरी माहीत नाही.

डोक्यावरच्या टिंबाचं तर उलटंच. भातखंडे पद्धतीत ते तार (वरचं) सप्तक, पलुसकर पद्धतीत मंद्र (खालचं). डोक्यावर उभी रेघ असेल तर पहिल्यात तीव्र मध्यम (चढा म), दुसऱ्यात तार सप्तक. तालात भातखंडे पद्धतीत समेला (पहिल्या मात्रेला) फुली, कालाला (टाळी नसलेल्या, खाली जागेला) शून्य. पलुसकर पद्धतीत समेला १, कालाला अधिकचं चिन्ह. तिथे शून्य म्हणजे अर्धी मात्रा.

विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ मध्ये मिरजेतच गेले. त्यांच्या लिपीतलं पुस्तक घरात असेल तर ते रद्दीत घालू नका. प्रत्येक स्वराची मात्रा त्याच्याखालीच लिहिलेली असल्यानं लयीचा हिशोब तिथे नेमका कळतो. भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर खालून एका कमानीत बांधतात. वाचायला ते सोपं, आणि आजची बरीच पुस्तकं याच पद्धतीची. म्हणून सुरुवात भातखंडेपासून करा. हात बसला की भूपाची तीच सरगम वहीत दोन्ही पद्धतींनी, एकीखाली एक लिहून काढा.