भाडेकराराची नोंदणी : कोणी करायची, कशी करायची, कागदपत्रे कोणती

‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोटरी केली की झालं,’ असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार (ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, आपण सहसा भाडेकरार म्हणतो तो) लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. नोंदणी नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात.

करार मालकाने स्वतः करावा किंवा त्याच्या कुलमुखत्याराने, म्हणजे त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीने. दोन्ही पक्षांचं आधार आणि पॅन कार्ड, मालकाकडून घराचा पुरावा (इंडेक्स टू म्हणजे घराच्या नोंदणीकृत दस्ताचा सरकारी उतारा, मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल) आणि आधार असलेले दोन साक्षीदार एवढी तयारी लागते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची, शुल्क भरायचं, आधारवर ओळख पटवायची आणि दस्त सादर करायचा. दुय्यम निबंधकांनी, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, तो तपासून मंजूर केला की नोंदणी पूर्ण. ऑनलाइन जमत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊनही होते. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर व्हायला हवा.

खर्चाची भीती बाळगू नका. मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. भाडं १५,०००, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत अकरा महिने असेल तर ते ४००-५०० रुपयांच्या घरात जातं. नोंदणी फी शहरात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एजंट घेतलात तर त्याचे पैसे वेगळे; ते कोण देणार हे आधीच ठरवा.

खरा वेळ द्यायचा तो अटींवर. छापील मसुद्यावर डोळे झाकून सही करू नका. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगकाम कोणाचं, गळती निघाली तर दुरुस्ती कोणाची, मध्येच घर सोडायचं तर किती महिन्यांची नोटीस, हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. पंखे, गिझर, कपाटं यांची यादी जोडा आणि राहायला जाण्याआधीच फोटो काढून ठेवा. डिपॉझिटवरून होणारी बहुतेक भांडणं याच जागी अडतात. भाडं बँकेतून द्या. रोख दिलं तर पावती मागा, तो तुमचा हक्क आहे.

भाडेकरूची माहिती मालकाने पोलीस ठाण्यात द्यावी. ती ऑनलाइनही देता येते. सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क (तो स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचं) घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

मुदत संपल्यावर भाडेकरूने घर रिकामं करायलाच हवं. नाही केलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो आणि ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. कुलूप बदलणं, पाणी किंवा वीज तोडणं हे मालकाने कधीही करू नये. ताबा घ्यायचा तो आदेशानेच.