मराठी वृत्तपत्रे ऑनलाइन कशी आली: फॉन्टपासून युनिकोडपर्यंत

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी 'द हिंदू'ची ऑनलाइन आवृत्ती निघाली आणि पुढच्या काही वर्षांत मराठी दैनिकांचीही संकेतस्थळे सुरू झाली. पण त्या सुरुवातीच्या काळातली मराठी बातमी आज गूगलवर शोधायला गेलात, तर हाती फारसे काही लागत नाही. याला केवळ बंद पडलेले सर्व्हर कारणीभूत नाहीत. त्या बातम्या वाचकाला मराठीत दिसत, संगणकाच्या लेखी मात्र ती मराठी नव्हती.

याचे मूळ छापखान्यात आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, तेव्हापासून देवनागरीची अडचण एकच: मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. यंत्रांत तेवढी जागा नसे. ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या साच्यांना ९० खाने, टंकलेखन यंत्रावर जेमतेम ९२ चिन्हे. म्हणून अक्षर तोडले गेले: अर्धा 'ग' वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. डोळ्यांना जुळलेले दिसले की काम झाले, असा हा हिशेब होता आणि कागदासाठी तो पुरेसा होता.

ऐंशीच्या दशकात ऑफसेट छपाई आणि त्यामागोमाग डीटीपी, म्हणजे संगणकावर पान लावणे, आले, तेव्हा हाच हिशेब फॉन्टमध्ये उतरला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', सी-डॅकचे 'आयएसएम', 'आकृती' अशी पॅकेजे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रुळली. या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा, त्यातल्याही काही राखीव. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले, आणि कोणता तुकडा कोणत्या जागी हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये आले होते, पण पान लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चाले तो फॉन्टचा नकाशाच.

हाच मजकूर जसाच्या तसा वेबवर चढवला गेला. मुखपृष्ठावर 'फॉन्ट डाउनलोड करा' असा दुवा असे. तो उतरवून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकला नाही, तर पानभर इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हांचा खच दिसे. सायबर कॅफेत फॉन्ट टाकण्याची परवानगी नसली की वाचन तिथेच थांबे. पुढे डायनॅमिक फॉन्ट आले. ते पानाबरोबर आपोआप उतरत, पण इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरसाठी एक प्रकार आणि नेटस्केप या ब्राउझरसाठी दुसरा, अशा दोन फायली ठेवाव्या लागत. एवढे करूनही मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की त्याचा कचरा होई. शोधयंत्रांनी साठवला तोही हाच कचरा.

प्रत्येक चिन्हाला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात होती. घोडे अडले ते वाचकाच्या संगणकावर. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला, पण पुढच्या विंडोज एक्सपीमध्येसुद्धा कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या खिडकीत जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीवर खूण करावी लागे, आणि मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. ती किती जणांकडे असणार? मराठी विकिपीडिया २००३ पासून युनिकोडमध्ये आहे. बहुतेक दैनिकांना मात्र तिथे पोहोचायला त्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

संकेतस्थळ युनिकोडवर गेले तरी छापील पान जुन्याच फॉन्टमध्ये राहिले, कारण पान लावण्याच्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी नीट जुळवता येत नसे. इनडिझाइन या अशाच सॉफ्टवेअरमध्ये ती सोय २०१२ च्या आसपास आली. मधली वर्षे रोज रात्री पाने सुटल्यावर मजकूर कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढून वेबवर टाकला जाई. हे काम दिसते तेवढे सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफार जुन्या पद्धतीत शेवटी येतो, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त जोडाक्षराच्या आधी. 'वर्षी' या शब्दात तर दुसरी वेलांटी आणि रफार मिळून एकच तुकडा असे. कन्व्हर्टरने तो फोडून रफार 'ष'च्या आधी आणि वेलांटी नंतर न्यायची. बातमीत मध्येच इंग्रजी शब्द आला आणि फॉन्ट बदलल्याची नोंद हरवली, की तो शब्दही देवनागरीचे तुकडे समजून बदलला जाई. मथळे कोरलड्रॉ या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणून केलेले असत. त्यांत मजकूरच नसल्याने ते हाताने पुन्हा टाइप करावे लागत.

मराठीचे खास दुखणे म्हणजे 'ऱ्य'. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत अर्थाचा किती फरक आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको. युनिकोडमध्ये हा 'ऱ' एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन येतो, किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमानेही येतो. सॉफ्टवेअरने अदृश्य चिन्हे झाडून टाकली की 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते. बातम्यांच्या संकेतस्थळांवर हे रूप आजही भेटते आणि त्याचा दोष सरसकट उपसंपादकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. 'ॲ'चेही तसेच. त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधीचा 'अ' अधिक चंद्र असा लिहिलेला 'अॅ' दिसायला तोच, पण साधी शब्दतुलना दोघांना वेगळे धरते.

मोबाइलवर हाच प्रवास पुन्हा घडला. साध्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या छुप्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे चित्ररूपाने मागवली की बातमी वाचता येई. एसएमएसमध्ये इंग्रजीला १६० अक्षरे, देवनागरीला ७०, आणि त्यात काना-मात्राही मोजायच्या. पत्त्याच्या पट्टीत देवनागरीचे एकेक चिन्ह नऊ चिन्हांचे होते, म्हणजे नुसता 'मराठी' हा शब्द ४५ जागा खातो. बातम्यांचे दुवे रोमन लिपीत करतात ते यामुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि पुढच्याच वर्षी २ ऑक्टोबरला छापील अंकाशी काही नाते नसलेली बीबीसी मराठी सुरू झाली.

छापील सवयीला मोठा धक्का बसला तो २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत. मार्चअखेर मुंबईत वितरण थांबल्याने अनेक दैनिकांनी काही दिवस छापील अंकच काढला नाही. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यास मनाई केली आणि नंतर मुंबई-पुण्यासारखे भाग वगळून ती शिथिल केली. तोवर ई-पेपरच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघरी पोहोचल्या होत्या. पान जुन्या फॉन्टमध्ये लावलेले असेल, तर अशा पीडीएफमधूनही मजकूर कॉपी केल्यावर तीच इंग्रजी अक्षरे हाती येतात.

जुना साठा अजून वाचवता येतो, पण क्रम चुकवून चालत नाही. पानांच्या मूळ फायली असतील तर आधी त्यांतल्या फॉन्टची नेमकी नावे नोंदवावीत आणि फॉन्टच्या फायली त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. नकाशा त्यावरूनच ठरतो. मग फॉन्टनिहाय वेगवेगळे रूपांतर करून 'र्ष', 'ऱ्य', 'ट्र', 'द्ध' असलेले शब्द आधी तपासावेत, कारण चूक तिथे लगेच उघडी पडते. फक्त पीडीएफ किंवा कागद उरला असेल, तर ३०० डीपीआयवर स्कॅन करून अक्षरओळख वापरावी आणि रकाने आधी वेगळे कापावेत, नाहीतर शेजारच्या दोन बातम्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. सगळ्यात आधी हात घालायचा तो जुन्या पानांच्या फायली साठवलेल्या सीडींना. त्यांतल्या अनेक आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत, आणि 'पान ४ वर' गेलेला उरलेला मजकूर कोणत्या फाईलमध्ये आहे हे सांगू शकणारे ऑपरेटर निवृत्त होत आहेत.