कच्चतीवूच्या मागचं सगळं : भारत आणि श्रीलंका

2024 च्या लोकसभेच्या तोंडावर कच्चतीवू, म्हणजे रामेश्वरम आणि श्रीलंकेच्या मधलं, 1974 ला श्रीलंकेकडं गेलेलं छोटं बेट, हे नाव अचानक सगळ्यांच्या तोंडात आलं, कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर पण तोच विषय, बेट कुणी दिलं, का दिलं. आमच्या गल्लीत एक रिटायर सुभेदार आहेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, 1987 ला भारतानं श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेतनं तिथल्या उत्तरेकडच्या जाफन्याला जाऊन आलेले. पोरांनी त्यांना विचारलं, मामा तुम्ही बघितलाय काय हो ते बेट? ते म्हणाले बेट न्हाई बघितलं बाबा, जाफना बघितलं, आणि पुढं काहीच बोलले नाहीत. तेव्हापासून डोक्यात होतं की ह्याच्या मागचं एकदा सलग लिहावं.

सुरुवात चहाच्या मळ्यांपासून करावी लागते. इंग्रजांनी 19 व्या शतकात मद्रास इलाख्यातनं तमिळ मजूर श्रीलंकेत नेले, आधी कॉफीला, मग चहाला, कँडी आणि नुवारा एलियाच्या डोंगरात. 4 फेब्रुवारी 1948 ला श्रीलंका स्वतंत्र झाली आणि त्याच वर्षी असा नागरिकत्वाचा कायदा आला की पिढ्यान् पिढ्या तिथं राबलेली लाखो माणसं कुठल्याच देशाची उरली नाहीत. नेहरूंचं म्हणणं होतं की ही तुमची माणसं, तुम्ही सांभाळा. शेवटी 1964 ला शास्त्रीजी आणि श्रीलंकेच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला, 9,75,000 माणसांची वाटणी, त्यातली 5,25,000 भारतानं घ्यायची, 3,00,000 त्यांनी ठेवायची, राहिलेल्या 1,50,000 चं पुढं बघू. 1974 ला ते दीड लाख पण निम्मे निम्मे वाटले. हे वाचताना मला खरंच कसंतरी होतं, कारण त्या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं. कितीतरी कुटुंबं तलैमन्नारहून बोटीत बसून रामेश्वरमला उतरली, ज्या गावचं नाव फक्त आजोबांकडनं ऐकलेलं तिकडं निघालेली, काहींना निलगिरीत परत चहाच्याच मळ्यात काम मिळालं. तिकडं राहिलेल्या शेवटच्या लोकांना नागरिकत्व मिळायला 2003 चा कायदा यावा लागला.

कच्चतीवूचा करार त्याच 1974 चा, जूनमधला. बेट 285 एकर, म्हणजे अंदाजे आपल्या रंकाळ्याएवढं, प्यायला पाणी नाही, वस्ती नाही, सेंट अँथनीचं एक चर्च आणि वर्षातनं एकदा यात्रा, तिला दोन्हीकडचे कोळी येतात. इंदिरा गांधींनी सागरी हद्द ठरवताना ते श्रीलंकेकडं मान्य केलं, त्याला दोन कारणं दिसतात, एक म्हणजे कोलंबोशी संबंध जपायचे होते, 1971 च्या युद्धात पाकिस्तानची विमानं तिथं तेल भरून गेलेली होती, आणि दुसरं, हद्दीची कटकट एकदाची मिटवायची होती. 1976 च्या करारात कन्याकुमारीजवळचा वेज बँक हा माशांनी भरलेला समुद्र भारताकडं आला, हे आपल्याकडच्या वादात कुणी सांगत नाही. पण त्याच वेळी आपल्या कोळ्यांचा तिकडं मासेमारी करायचा हक्क पण गेला आणि रामेश्वरमच्या माणसाला त्याचा चटका आजही बसतोय.

आता श्रीलंकेच्या बाजूनं बघा. सिंहली लोक श्रीलंकेत बहुसंख्य, तरी समोर तामिळनाडू एवढा मोठा की त्यांना आपणच अल्पसंख्य वाटतो. तमिळ चोळ राजांनी तिथली जुनी राजधानी अनुराधपुर लुटली ती हजार वर्षांपूर्वी, पण तिथं ते शाळेत शिकवतात. आपण नाही का, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढणार म्हटलं की सगळा जिल्हा कसा अस्वस्थ होतो, शेजारी आपल्याला न विचारता ठरवणार ही ती भीती, तशीच काहीशी. ह्या भीतीतनं 1956 ला फक्त सिंहली ही राजभाषा असा कायदा आला आणि तमिळ माणूस स्वतःच्याच देशात परका व्हायला लागला, ही त्यांची मोठी चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलै 1983 ला कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली, माणसं मारली, हजारो निर्वासित तामिळनाडूत आले. त्यानंतर भारतानंच तमिळ बंडखोर गटांना ट्रेनिंग आणि हत्यारं दिली. 4 जून 1987 ला श्रीलंकन सैन्यानं कोंडी केलेल्या जाफन्यावर भारतानं एएन-32 विमानांतनं धान्य आणि औषधं टाकली, सोबत मिराज लढाऊ विमानं, त्याच्या आदल्या दिवशी भारताच्या मदतीच्या बोटी श्रीलंकेनं अडवून परत पाठवलेल्या. मग 29 जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, दुसऱ्या दिवशी कोलंबोत सलामी घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीवना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, तेव्हाच कळायला पाहिजे होतं की तिथं काय शिजतंय.

ह्या करारानं शांतिसेना गेली ती तमिळांना वाचवायला आणि एलटीटीईकडनं, म्हणजे वेगळा तमिळ देश मागणाऱ्या सगळ्यात मोठ्या बंडखोर गटाकडनं, हत्यारं जमा करून घ्यायला. ऑक्टोबरमध्ये त्याच एलटीटीईशी लढाई सुरू झाली. जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या 13 शीख लाइट इन्फन्ट्रीच्या 30 जणांपैकी 29 गेले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंटचे, 25 नोव्हेंबर 1987 ला छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आपल्या मराठा पलटणी पण तिथं होत्या. नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी तर शांतिसेनेला घालवायला एलटीटीईलाच हत्यारं पुरवली, आणि मार्च 1990 ला शेवटची तुकडी परत आली तेव्हा मद्रास बंदरावर तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. जवळजवळ 1200 जवान गेले. सुभेदार मामा त्या दिवशी का गप्प बसले ते मला हे सगळं वाचल्यावर समजलं.

21 मे 1991 ला तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईनं राजीव गांधींची हत्या केली आणि दिल्लीनं श्रीलंकेपासून हात आखडता घेतला. 2009 ला श्रीलंकन सैन्य आणि एलटीटीईचं युद्ध संपलं ते शेवटच्या महिन्यांत हजारो तमिळ सामान्य माणसं मरूनच. नंतर चीनचं कर्ज, हंबनटोटा बंदर 2017 ला 99 वर्षांच्या लीजवर, 2022 ला पेट्रोल-औषधाला पैसे नाहीत आणि राष्ट्राध्यक्ष पळून गेलेले, तेव्हा भारतानं जवळजवळ 4 अब्ज डॉलरची मदत केली. ती लोकांना दिसली, त्यामुळं भावना थोडी बदलली. तरी त्याच ऑगस्टमध्ये चीनचं उपग्रह-क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारं युआन वांग-5 जहाज हंबनटोटाला लागलंच. डिसेंबर 2024 ला नवे राष्ट्राध्यक्ष दिसानायके पहिल्या परदेश दौऱ्याला दिल्लीलाच आले.

समुद्रात मात्र अजून तेच चाललंय. तामिळनाडूचे मोठे ट्रॉलर तळ खरवडत तिकडं जातात, श्रीलंकेचं नौदल पकडतं, बोटी जप्त होतात, घरची माणसं महिनोन् महिने वाट बघतात. आणि पलीकडं ज्याची जाळी ते ट्रॉलर तोडतात तो जाफन्याचा कोळी पण तमिळच, कितीतरी वर्षं युद्धानं समुद्र बंद होता म्हणून बसून राहिलेला.

कोलंबोजवळ 2008 ला शांतिसेनेचं स्मारक झालंय, काळ्या दगडावर सगळ्यांची नावं आहेत. मामांना मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला, झूम करून देत होतो, त्यांनी चष्मा घातला आणि एकेक ओळ बोटानं खाली सरकवत त्यांच्या कंपनीतल्या पोरांची नावं शोधत बसले.