लेबलावरचा ‘फास्ट कलर’ म्हणजे काय?

साडीच्या लेबलावर ‘फास्ट कलर’ वाचून गिऱ्हाईक थबकतं, हे आम्ही काउंटरवर नेहमी पाहतो. फास्ट लोकल भरधाव जाते, मग फास्ट कलर पहिल्याच धुण्यात जाणार की काय? शंका रास्त आहे, पण अर्थ नेमका उलटा आहे.

इंग्रजीतल्या ‘फास्ट’चा मूळ अर्थ घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तो याच अर्थाने सापडतो. वेगाचा अर्थ मागाहून आला. घट्टपणे म्हणजे जोर लावून, नेटाने. आणि नेटाने धावणारा वेगातच धावणार, असा तो सरकत गेला. विमानात सीटबेल्ट ‘फासन’ करायला सांगतात त्यात जुना अर्थ अजून आहे, आणि रंगाऱ्यांनीही तो सोडलेला नाही. उपासाला इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणतात, तोही याच मुळातला: नेम घट्ट धरून राहणं. आपणही उपास धरतो नि सोडतो, आणि कापडही रंग धरतं किंवा सोडतं. दोन्ही भाषांना एकच गोष्ट सुचली, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

आता पक्का म्हणजे कशाला पक्का, हे विचारायला हवं. धुण्याला आणि घासण्याला १ ते ५, उन्हाला १ ते ८ अशी मोजणी असते. आकडा मोठा तितका रंग टिकाऊ. १९५६ साली बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून धुण्याला टिकतात. तरी न जोडलेला जादा रंग सुरुवातीच्या एक-दोन धुण्यांत निघू शकतो. निळीचं, म्हणजे इंडिगो रंगाचं, तंत्र वेगळं. ती धाग्याच्या वरच्या थरात बसते. पाण्याला दाद देत नाही, पण घासली की उतरते. गडद निळीच्या साडीवर पांढरं ब्लाउज सुरुवातीला टाळा.

मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. रंगवताना मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं हे खरं, पण तयार कापडाचा कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. गार पाण्यात वेगळं धुवा, भिजत ठेवू नका, उलटं करून सावलीत वाळवा.

खात्री करायची तर पांढरा रुमाल ओला करून पदराच्या आतल्या बाजूला घासा. आमच्या दुकानात, साडी घेण्याआधीच घासून पाहिलंत तरी चालेल. रुमाल आम्ही देऊ.