झाड तोडलं नाही, मग बिघडलं काय?

इंग्लंडमध्ये सरकारी जंगलात सुट्टीवाल्यांसाठी लाकडी केबिन बांधायचं निघालं, की आसपासची गावं विरोधाला उभी राहतात. लडलो गावालगतच्या मॉर्टिमर फॉरेस्टमध्ये हे घडलं, नॉर्थॅम्प्टनशायरच्या फाइनशेड वूडमध्येही घडलं. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो: केबिन मोजक्याच आहेत, त्याही लाकडाच्या, मोठी झाडं तर तोडणारच नाहीत, मग या लोकांचं दुखणं काय? अनेकांना हा प्रश्न बिनतोड वाटतो. मला तो चुकीच्या जागी विचारलेला वाटतो, कारण नुकसान बघायचं तर जमिनीखाली बघावं लागतं.

जंगलातली पालापाचोळ्याखालची माती हातात घेतली, तर तिचा निम्मा भाग किंवा त्याहून जास्त भाग पोकळी असते. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. गांडुळांनी, किड्यांनी आणि कुजून गेलेल्या मुळांनी केलेल्या मोठ्या पोकळ्यांमधून पावसाचं पाणी खाली उतरतं आणि हवा आत येते. जड यंत्र वरून गेलं की आधी मोडतात त्या या मोठ्या पोकळ्याच. आणि इथलं गणित फार निर्दय आहे. नळीतून वाहणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. मातीतल्या पोकळ्या नळीसारख्या गोल आणि सरळ नसतात, पण त्यांतला प्रवाहही असाच झपाट्याने घटतो. पाणी मुरत नाही, साचून राहतं.

साचलेल्या पाण्याने पुढचा घोटाळा होतो. झाडं ऑक्सिजन देतात हे आपण शाळेत शिकतो, पण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो हे विसरतो. मुळं अंधारात असतात. त्यांचा ऑक्सिजन मुख्यतः मातीतल्या हवेतून झिरपत येतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग सुमारे १०,००० पट कमी असतो. पोकळीत हवेच्या जागी पाणी भरलं, की मूळ गुदमरतं. शिवाय दबलेल्या मातीत घुसणंही त्याला जमत नाही. मातीचा विरोध २ मेगापास्कलच्या, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे २० किलो भाराच्या आसपास गेला, की बहुतेक वनस्पतींच्या मुळांची वाढ फार मंदावते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं तर वरच्या वीतभर थरातच दाटलेली असतात, नेमकी चाकाखाली येणारी.

केबिन खांबांवर उभी करू, पाया खणणार नाही, असं सांगितलं जातं. खांबांचा फायदा खराच आहे. पण केबिनपर्यंत रस्ता लागतो, गाड्या लावायला जागा लागते, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांसाठी चर खणावे लागतात. आणि यंत्राच्या पहिल्या काही फेऱ्यांतच बहुतेक दाब बसून जातो. माती ओली असेल तर आणखी लवकर. झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, तेव्हा त्या रस्त्याची कोणाला आठवणही नसते.

म्हणूनच तिथल्या बांधकामाच्या मानकात झाडाभोवती बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ अबाधित राखायला सांगितलं आहे. ८० सेंटीमीटर व्यासाच्या बुंध्याला ते ९.६ मीटर होतं. प्राचीन जंगलाच्या कडेपासून निदान १५ मीटर पट्टा मोकळा ठेवावा, असं सरकारी मार्गदर्शन सांगतं. इंग्लंडमध्ये इ.स. १६०० पासून सलग जंगल असलेल्या जागेला प्राचीन म्हणतात.

इथे आणखी एक गैरसमज आहे: ‘ही तर लागवडीची सूचिपर्णी झाडं, यांत प्राचीन काय?’ पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई झाली, म्हणून १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन, म्हणजे सरकारी वनखातं, स्थापन झालं. पुढच्या काळात कित्येक जुन्या जंगलांची झाडं काढून तिथे सूचिपर्णी लावली गेली. झाडं नवी, माती मात्र जुनी. जमिनीची आठवण किती लांबते, हे फ्रान्समधल्या त्राँसे जंगलात दिसतं: रोमन वस्त्यांच्या जागी मातीतली पोषकद्रव्यं आणि उगवणाऱ्या वनस्पती आजही आजूबाजूपेक्षा वेगळ्या आहेत.

विरोध करणाऱ्यांना मात्र एक विनंती. झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आईझाड पिल्लांना जेवू घालतं, असे दावे फलकांवर लिहू नका. मुळं आणि बुरशी यांची भागीदारी पक्की सिद्ध आहे. पण खऱ्या जंगलातल्या त्या संभाषणाचा पुरावा तोकडा असल्याचं २०२३ मध्ये तीन संशोधकांनी पुरावे तपासून दाखवलं. त्यापेक्षा सुनावणीत विचारा: यंत्रं कोणत्या महिन्यांत आणणार, कोणत्या वाटेने नेणार, आणि काम सुरू होण्याआधी मातीची घनता मोजून ठेवणार का?